आमची वाटचाल : काट्याकडे पाठ करून

घरातील मागच्या खोलीत एक जुना लेथ बसवून आम्ही लाकडी बासऱ्या घडवू लागलो, तेव्हा या उद्योगातील अवघड भाग लाकूडकामाचा असेल आणि सूर लावणे हे शेवटच्या अर्ध्या तासात उरकण्यासारखे असेल, अशी आमची ठाम समजूत होती. घडले नेमके उलटे. आज एका बासरीवर हातात हत्यार घेऊन जितका वेळ जातो, त्यातील निम्म्याहून अधिक वेळ सहा स्वररंध्रांच्या कडांवर खर्च होतो, आणि हत्यार हातात नसतानाचा काळ प्रामुख्याने लाकूड स्थिरावण्याची वाट पाहण्यात जातो.

बांबू मुळातच पोकळ असताना लाकूड कशाला कोरायचे, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. बांबूची पोकळी जशी मिळेल तशी स्वीकारावी लागते, तर लाकडाची पोकळी आपण ठरवू त्या मापाची करता येते. त्यामुळे एखाद्या वादकाची बासरी हरवली, तरी तिच्याशी अगदी जवळून जुळणारी दुसरी देता येते. अर्थात त्याची किंमत भोकात मोजावी लागते, कारण लांब गिरमिट लाकडाच्या रेषांबरोबर भरकटते आणि पलीकडच्या टोकाला मध्य सोडून बाहेर पडते. गिरमिट स्थिर ठेवून लाकूड फिरवले की ही चूक बरीच कमी होते, हे कळेपर्यंत आमच्याकडे जळणाचा चांगला साठा जमला होता.

पहिल्या वर्षीची घाई आम्हाला अधिक महागात पडली. चौकोनी तुकडा आणायचा, भोक पाडायचे, बाहेरून घडवायचे आणि आठवड्याभरात बासरी रवाना करायची, असा आमचा क्रम होता. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ बदलत नाही. आडवे मात्र आकसते, आणि तेही वार्षिक वलयांच्या दिशेने त्यांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होते. काही महिन्यांनी बासऱ्या परत येऊ लागल्या, तेव्हा मुखरंध्रापलीकडचे टोक बंद करणारे बूच भोकात घट्ट बसत नव्हते, बारीकशी हवा निसटत होती आणि खालचे स्वर दबलेले निघत होते. तेव्हापासून आम्ही आधी बारीक भोक पाडून तुकडे काही महिने तसेच ठेवतो, मग रीमरने (भोक मोठे आणि गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने) अंतिम माप आणतो आणि त्या भोकाचाच मध्य धरून बाहेरचा आकार घडवतो.

सूर लावण्याचे गणित कागदावर सोपे दिसते. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या नळीचा मूळ स्वर तिच्या लांबीवर ठरतो, आणि बासरीत मुखरंध्र हेच एक उघडे टोक असते. सेकंदाला 294 कंपने हवी असतील, तर अर्धी तरंगलांबी सुमारे 59 सेंटिमीटर येते. प्रत्यक्षात नळी त्याहून काही सेंटिमीटर आखूड ठेवावी लागते, कारण हवेचा स्तंभ उघड्या टोकाच्या थोडा बाहेरपर्यंत आंदोलत असतो आणि मुखरंध्रापाशी ओठांचे झाकणही मध्ये येते. म्हणून रंध्रे मुद्दाम लहान पाडायची आणि कानशीने हळूहळू मोठी करत स्वर वर चढवायचा. काम तोंडापासून सर्वांत दूरच्या रंध्रापासून सुरू करायचे, कारण खालचे रंध्र मोठे केले की वरच्या रंध्रांचे स्वरही किंचित चढतात. स्वर जास्तच चढला, तर मुखरंध्राकडच्या कडेला मेणात कालवलेला भुसा भरून तो उतरवता येतो. ही दुरुस्ती आमच्या पहिल्या बासऱ्यांमध्ये इतकी होती, की त्यांना लाकडी म्हणावे की मेणाच्या, असा प्रश्न पडावा.

एवढे करूनही तक्रारी येतच राहिल्या, आणि त्यातली गोम कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. आमच्या खोलीत ट्यूनरवर (स्वर किती चढा वा उतरलेला आहे हे काट्याने दाखवणाऱ्या यंत्रावर) बिनचूक वाटणारी बासरी वादकाच्या हातात गेली की एक स्वर चढा आणि दुसरा उतरलेला निघत असे. दोष कानशीत नव्हता, तर आमच्या ओठांत होता. मुखरंध्र किती झाकले जाते आणि फुंकर कोणत्या कोनातून पडते, यावर तोच स्वर 20 ते 30 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाव भागाइतका, सहज सरकतो. ट्यूनरच्या काट्याकडे पाहत फुंकणारा माणूस नकळत ओठ हलवून काटा मध्यावर आणतो आणि बासरी सुरात आहे असे समजतो. तेव्हापासून आम्ही काट्याकडे पाठ करून, डोळे मिटून फुंकतो आणि पत्नी प्रत्येक स्वराचा आकडा वहीत उतरवते. तो मला फुंकण्याच्या तीन फेऱ्या पूर्ण होईपर्यंत सांगितला जात नाही. नंतर वेगळ्या सवयीचे दोन वादक तीच बासरी वाजवतात, आणि सर्वांच्या आकड्यांत जो स्वर एकाच बाजूला झुकतो, त्याच रंध्राला कानस लागते.

तापमानाची नोंदही त्याच वहीत होते. हवा तापली की ध्वनीचा वेग अंशागणिक सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो आणि स्वर जवळजवळ 3 सेंटने चढतो, म्हणजे 10 अंशांच्या फरकाने 30 सेंट. थंड बासरी पहिल्या काही फुंकरींत खाली असते, म्हणून ती श्वासाने उबदार झाल्याखेरीज आम्ही एकही आकडा ग्राह्य धरत नाही.

लाकडाविषयी आमचे मत ग्राहकांना नेहमीच रुचते असे नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आतून सारख्याच मापाच्या चांदीच्या, तांब्याच्या आणि लाकडाच्या बासऱ्या ऐकणाऱ्यांना तर सोडाच, वाजवणाऱ्यांनाही ओळखता आल्या नाहीत. आमचा अनुभव तसाच आहे. ज्याला लाकडाचा गोडवा म्हटले जाते, तो बहुधा मुखरंध्राच्या धारेचा असतो. कठीण लाकूड आम्ही निवडतो ते ती धार टिकावी आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत राहावा यासाठी. 2 जानेवारी 2017 पासून डालबर्जिया वंशातील सगळी शिसवी लाकडे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आली आणि एका बासरीसाठीही परवाने लागू लागले, तेव्हा हेच मत आमच्या उपयोगी पडले, कारण फळझाडांच्या घट्ट लाकडाकडे वळताना आवाजात आम्ही काही गमावले नाही. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून बव्हंशी सवलत मिळाली, तरी आम्ही मागे फिरलो नाही. शिसवाच्या धुळीने मला शिंका आणि अंगाला खाज येत असे, हेही त्यामागचे एक कारण.

तडे जाणे मात्र पूर्ण थांबलेले नाही. श्वासातील ओलाव्याने लाकूड आतून फुगते आणि बाहेरून कोरडेच राहते, तेव्हा मुखाचा भाग उकलतो. म्हणून नव्या बासरीबरोबर आम्ही पहिले काही आठवडे रोज 10-15 मिनिटांपेक्षा जास्त न वाजवण्याची आणि वाजवून झाल्यावर आतून पुसून घेण्याची लेखी विनंती पाठवतो. आतून जवसाचे तेलही देतो. (त्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नयेत, पसरून वाळवावेत, कारण ते आपोआप पेट घेऊ शकतात.)

सध्या आमच्या टेबलावर खालच्या पट्टीची मोठी बासरी आहे. तिची रंध्रे ध्वनीच्या हिशेबाने जिथे हवीत तिथे बोटे पोहोचत नाहीत, आणि ती वर सरकवून लहान केली की स्वर घुसमटतो. जाड भिंतीतून भोक तिरके पाडून बाहेरचे तोंड बोटांजवळ आणि आतले तोंड खाली नेण्याचा मार्ग आम्ही धरला आहे. तिसरा सांगाडा चालू आहे, पाच स्वर स्वच्छ निघतात, आणि सर्वांत खालच्या रंध्राची दुसरी मोजणी लाकूड तीन आठवडे स्थिरावल्यावर करायची आहे.