मालवणचे हिरवे पाणी आणि रंगदुरुस्तीचा भुर्दंड

मालवणला स्कूबा करायला जाणाऱ्यांनी किनाऱ्यावर गळ्यात मारली जाणारी ‘कलर करेक्शन’ची सेवा मुळीच घेऊ नये. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या डाइव्हसाठी ठरलेल्या रकमेत फोटो आणि व्हिडिओ धरलेले होते; तरीही बोटीतून उतरताच, सगळे हिरवे आले आहे म्हणून रंग सुधारण्याचे वेगळे पैसे आमच्याकडून घेतले गेले आणि हाती पडले ते नारिंगी चेहरे, जांभळट पाणी आणि सावल्यांमध्ये लाल ठिपक्यांचा खच. मूळ फाइली मागितल्या, तेव्हा त्या कार्डावरून पुसल्या गेल्या होत्या.

पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटरवरच त्याचा मोठा भाग नाहीसा होतो आणि त्यामागोमाग नारिंगी व पिवळा जातो. पृष्ठभागापासून माशापर्यंतच्या अंतरात माशापासून कॅमेऱ्यापर्यंतचे अंतरही मिळवावे लागते, म्हणून एकाच खोलीवर हातभर अंतरावरचा मासा रंगीत आणि मागचा खडक हिरवा येतो. जो लाल रंग सेन्सरपर्यंत पोचलाच नाही, तो नंतर संगणकावर लाल रंगाची पट्टी (स्लायडर) ओढून परत येत नाही. वाढतो तो केवळ नॉइज, म्हणजे चित्रातले नकोसे ठिपके.

निळ्या पाण्यासाठी भिंगावर लावायचा लाल फिल्टर (रंगीत काच) अंदमानला चालेल, मालवणला नाही. प्लवक आणि गाळामुळे हिरवट झालेल्या इथल्या पाण्याला मॅजेंटा (गडद गुलाबी) फिल्टर लागतो. टॉर्च लावणार असाल तर फिल्टर काढून ठेवावा, अन्यथा जवळचे सगळे तांबूस होते. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची माहिती प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइलींतच घ्यावेत, माशापासून मीटरभराच्या आत जावे आणि पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स करून (पांढरे पांढरेच दिसेल असे रंग जुळवून), खोली दोन-तीन मीटरने बदलली की तो पुन्हा करावा. व्हिडिओत ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवल्यास एकाच शॉटमध्ये रंग हेलकावे खातो, आणि तो दोष दुरुस्त करणे फार जिकिरीचे असते.

घरी आल्यावर फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या चॅनेल मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा हे घटक एकमेकांत मिसळण्याच्या साधनात) लाल चॅनेलला थोडा हिरवा जोडावा, मग व्हाइट बॅलन्सला हात लावावा, आणि त्वचा नैसर्गिक दिसू लागताच थांबावे. मागचे पाणी हिरवट राहिले तर राहू द्यावे, कारण ते तसेच आहे.

तारकर्लीतले बाकीचे दिवस सुखात गेले. कॅमेरा स्कूबा केंद्राचा असेल, तर चित्रीकरण रॉमध्ये होणार का, हे बोटीत चढण्यापूर्वी विचारावे आणि मूळ फाइली स्वतःच्या कार्डावर उतरवून, त्यातल्या दोन-चार उघडून पाहिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नयेत.