पक्षाघात: घड्याळ कधीपासून मोजायचं?

रामबाग असो की लोकमान्य नगर, इंदूरच्या आपल्या घरांत आजोबांचं तोंड वाकडं झालं की आधी साखरपाणी, मग तेलमालिश, मग ‘जरा पडू द्या’. साखरपाणी तर धोक्याचंच: गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत उतरतं. अ‍ॅस्पिरिनही नको, मेंदूत रक्ताची गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं. हे तास लक्षण दिसल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री 10ला झोपले, सकाळी पोह्यांच्या बशीकडे हात उचलेना, तर घड्याळ रात्री 10पासून. ती वेळ लिहून न्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं पाकीटही.

गुठळी विरघळवणारी औषधं दोन. जुनं अल्टेप्लेज, वजनाच्या किलोला 0.9 मिग्रॅ: दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेलं तासभर पंपातून. दुसरं टेनेक्टेप्लेज, किलोला 0.25, कमाल 25 मिग्रॅ, एकाच इंजेक्शनात. कॅनडातल्या 2022च्या अ‍ॅक्ट चाचणीत ते अल्टेप्लेजपेक्षा कमी ठरलं नाही. पंप नाही, म्हणजे रुग्णाला दुसरीकडे हलवताना केवढी सोय! मात्र रक्तदाब 185/110च्या वर असेल तर आधी तो उतरवावा लागतो, आणि वेळ तिथेच अडकतो.

मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर गुठळी नळीनं ओढून काढतात. 2018च्या डॉन चाचणीनंतर निवडक रुग्णांत गुठळी अशी काढण्याची मुदत 24 तासांपर्यंत गेली. म्हणून रुग्णालयाला फोनवरच विचारा: सीटी आत्ता सुरू आहे का, आणि गुठळी काढणारे डॉक्टर आहेत का?