तुम्ही विचारलंत म्हणून: गूगल मॅप असताना वहीत रूट कशाला?

कोकणात किनाऱ्या-किनाऱ्याने गाडी घेऊन जायचं तर मोबाईलवर ठिकाण टाकलं की झालं, मग तुम्ही आधी वही घेऊन का बसता, हे मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. आता सविस्तर सांगते.

मोबाईलचा मॅप मीपण लावते, शहरातून बाहेर पडताना तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण कोकणातला दिवस किलोमीटरवर ठरत नाही, खाड्यांवर ठरतो. नकाशा समोर घ्या आणि अलिबागपासून खाली बोट फिरवत या. आगरदांडा आणि दिघीच्या मध्ये राजपुरीची खाडी, बागमांडला-वेसवीच्या मध्ये सावित्री, दाभोळ-धोपावेच्या मध्ये वाशिष्ठी, तवसाळ-जयगडच्या मध्ये शास्त्री. चार ठिकाणी रस्ता पाण्यापाशी संपतो आणि गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे जावं लागतं. म्हणून माझ्या वहीत आधी खाड्या लिहिल्या जातात, त्यांच्या अधेमधे मुक्काम बसवायचे, आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त फेऱ्या घ्यायच्या नाहीत. श्रीवर्धनहून निघून बागमांडल्याला पार व्हायचं, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळला पोचायचं आणि पलीकडे उतरून गुहागर, एवढा एक दिवस भरपूर होतो.

मॅपच्या सेटिंगमध्ये फेरी टाळायचा एक पर्याय असतो, तो चालू राहिला तर अख्खा प्लॅन बदलतो. बागमांडल्याहून समोर वेसवी दिसत असतं, बोटीने काही मिनिटांचं काम, पण मॅप तुम्हाला म्हसळ्याकडून आंबेतच्या पुलावर नेतो, मग म्हाप्रळ, मग मंडणगड. दाभोळलाही तेच, समोरचं धोपावे सोडून खेड-चिपळूण फिरून गुहागर. हे वळसे वाईट नाहीत, फेरी बंद असेल तर तेच कामाला येतात, म्हणून मी प्रत्येक खाडीपुढे कंसात तिचा वळसा पण लिहून ठेवते.

आता वेळेचं. साठ किलोमीटर म्हणजे दीड तास हे गणित इथे चालत नाही आणि ते का ते सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात स्वच्छ दिसतं. १:५०,००० चा नकाशा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यावर तपकिरी रंगाच्या समोच्च रेषा असतात, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. जिथे त्या लांब लांब आहेत, मधे नुसती मोकळी जागा, तो कातळाचा सडा, म्हणजे वरचं सपाट पठार, तिथे गाडी आरामात पळते. आणि जिथे त्या खाडीच्या काठाला एकमेकींना चिकटून येतात तिथे उतार, वळणं, समोरून एसटी आली की कडेला घेऊन थांबायचं, खाली उतरून पूल ओलांडायचा आणि परत तेवढंच वर चढायचं. सडा, उतार, खाडी, चढ, परत सडा, किनाऱ्याने जाताना हेच चालू असतं. मी दिवसाचा रस्ता त्या नकाशावर एकदा बघते, रेषा कुठे दाटल्यात तिथे वहीत फुली मारते आणि फुल्या जास्त असतील तर जेवणाआधीचं एखादं ठिकाण सरळ काढून टाकते. मला हे फार आवडतं खरं सांगायचं तर, रस्ता बघायच्या आधीच हातात आल्यासारखा वाटतो.

तिसरी गोष्ट वाड्यांची. कोकणातलं गाव एका जागी नसतं, वरची वाडी सड्याजवळ, खालची बंदराला, मधे दोन-तीन किलोमीटर, आणि मॅपवर गावाच्या नावाची पिन एकच. म्हणून राहायचं ठिकाण ठरलं की फोन करून वाडी विचारून घ्या आणि जवळची खूण पण, शाळा, देऊळ, तिठा काहीही. लोक तिठ्यावरून डावीकडे असं सांगतात ते बरोबर असतं. अरुंद रस्ता आला आणि पुढे पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) लागेल असं वाटलं तर गाडी थांबवून समोरच्याला नुसतं रस्ता कुठला विचारू नका, "काका, चारचाकी जाते ना पुढे?" असं विचारा, कारण चालत जाणाऱ्याला सगळेच रस्ते जातात.

घाट कुठला धरायचा हे पुण्याहून निघताना ठरवा. श्रीवर्धनला ताम्हिणी, चिपळूण-गुहागरला कराडवरून कुंभार्ली. वरंधा पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, तेव्हा त्याची आदल्या दिवशी चौकशी करा. ऑफलाईन मॅप घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, सड्यावरून खाली उतरलं की रेंज जाते.

आणि शेवटची फेरी किती वाजता ते त्याच दिवशी सकाळी जेट्टीवर फोन करून विचारायचं. लाँग वीकेंडला तर जेट्टीवर पोचलात की आधी गाडी लाईनीत लावा, मग चहाला जा.