नकाशा मुंबईत आला, पण माझं नाव जुळेना

मामांच्या पंचाहत्तरीला मालदीवचा जुना सागरी नकाशा फ्रेम करून द्यायचा, हे मी वर्षभर आधी ठरवलं होतं. मामा मूळचे कारवारचे. उमेदीची वर्षं सगळी मालवाहू जहाजांवर गेली, आता इथं बेळगावात टिळकवाडीत असतात. इंग्लंडचा एक विक्रेता सापडला, पैसे भरले आणि नवव्या दिवशी नकाशा मुंबईत उतरलासुद्धा. तिथून बेळगावला यायला त्याला ४४ दिवस लागले. पंचाहत्तरी झाली तेव्हा मामांच्या भिंतीवर नुसता खिळा होता.

कारण काय, तर माझं नाव. मी ज्ञानेश्वर. शाळेचा दाखला, बँक, मतदान कार्ड, सगळीकडे इंग्रजीत 'डी-एन-वाय-ए'. आधार काढताना ऑपरेटरने कन्नड वळणाने 'जे-एन-ए' लिहिलं. त्याचंही चूक नाही, तिकडे तसंच लिहितात. आमच्या भागात अशी दोन-दोन स्पेलिंगं घरोघरी आहेत आणि एरवी त्यामुळे काही अडत नाही.

बाहेरदेशातून पार्सल आलं की कुरिअरवाले कस्टमसाठी केवायसी मागतात. आधार चढवलं. उत्तर आलं, नाव जुळत नाही. मतदान कार्ड चढवलं. आता नाव जुळलं, पण पत्ता जुळेना! कार्ड जुनं, त्यावर इंग्रजीत 'बेलगाम', पार्सलवर 'बेळगावी'. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, गाव तेच आहे, पिनकोड तोच आहे, हे मी फोनवर किती वेळा सांगितलं असेल! दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी, आणि शेवटी एकच वाक्य, "सर, सिस्टिम घेत नाही." इकडे गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत होतं. रात्री झोप लागायची नाही. शंभरी उलटलेला कागद, नळीत गुंडाळलेला, बाहेर मुंबईचा पाऊस.

मध्येच आणखी एक प्रश्न आला. बिलावर विक्रेत्याने नुसतं 'मॅप' लिहिलं होतं. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे आपल्याकडे आणता येत नाहीत, म्हणून त्यांनी फोटो मागितला. ते रास्तच होतं. विक्रेत्याकडचा फोटो पाठवला. त्यात सगळा समुद्र आणि प्रवाळ, भारताची जमीन कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न मिटला. तुम्ही मागवणार असाल तर बिलावर 'जुना छापील सागरी नकाशा', भागाचं नाव आणि छपाईचं साल एवढं लिहून घ्याच.

नावाचं कोडं सोडवलं ते कुरिअरच्या इथल्या ऑफिसातल्या एका तरुण पोराने. त्याने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "हे तेच की ओ सर. लिहायला तेवढं वेगळं झालंय. कोर्टात जाऊन एक अफिडेव्हिट करून आणा की." दोन्ही नावांची व्यक्ती एकच आणि बेलगाम म्हणजेच बेळगावी, असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र. कोर्टाच्या आवारात तासाभराचं काम. पण टायपिस्टने तिसरंच स्पेलिंग मारलं, 'जी-एन-वाय', आणि ते मला शिक्का पडल्यावर दिसलं. पुन्हा स्टॅम्प पेपर, पुन्हा रांग. सही करण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, हे मी कळकळीने सांगतो. कागद चढवल्यावर तिसऱ्या दिवशी पार्सल सुटलं. विक्रेत्याला सुरुवातीलाच आधारवरचं स्पेलिंग कळवलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

आता नकाशाबद्दल. मालदीवची ही मोजणी रॉबर्ट मोर्सबी याने १८३४ ते १८३६ मध्ये केली. तो मुंबईच्या इंडियन नेव्हीतला अधिकारी, जहाजाचं नाव 'बनारस'. जहाजावरचे लोक तापाने आजारी पडत होते, तरी काम पुरं केलं, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं जहाजं त्याच मोजणीच्या भरवशावर त्या खडकांतून गेली. डार्विननेही प्रवाळबेटांवर लिहिताना मोर्सबीचे नकाशे वापरले. माझी प्रत नंतरच्या अॅडमिरल्टी, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याच्या, छपाईची आहे.

मामांनी भिंग घेतलं आणि पहिल्यांदा आकडे वाचले. खोली 'फॅदम'मध्ये असते, म्हणजे ६ फूट, आपली एक वाव. शिशाचा ओळंबा दोरीने सोडून मोजलेली. खडकांचं कडं, आतल्या पाण्यात दाट आकडे, आणि कड्याच्या बाहेर बोटभर अंतरावर आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ आणि टिंब. "ज्ञानू, हे बघ," मामा म्हणाले, "एवढी दोरी सोडली तरी तळ लागला नाही, असा याचा अर्थ. ओळंबा टाकून सावध व्हायला इथं वेळच नाही. तळ लागेपर्यंत जहाज खडकावर." मी तो नकाशा नक्षीसारखा बघत होतो. तेव्हा कळलं.

हो, विकत घेताना भिंगातून रेघा बघा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली रेघ सलग आणि किंचित उठावदार असते, आताच्या पुनर्मुद्रणात बहुधा बारीक ठिपके दिसतात.

फ्रेमवाला म्हणाला, प्लायवर फेविकॉलने चिकटवतो, सपाट बसेल. अजिबात करू देऊ नका, लॅमिनेशनही नको. अॅसिड नसलेला माउंट, म्हणजे फ्रेममधला जाड पुठ्ठा, मागा, काच कागदाला टेकू देऊ नका. आणि आपल्याकडचा पाऊस बघता झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. आतली भिंत घ्या, फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. मामांचा जुना खिळा पश्चिमेच्या भिंतीवर होता, तो उपटून आतल्या भिंतीवर नवा ठोकला.

आता मामांना लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाचाही हवाय. काल मागवला. विक्रेत्याला नाव आधारवरच्या स्पेलिंगने, एकेक अक्षर सुटं लिहून पाठवलंय.