गुहागर ते हेदवी: सड्यावरचा एक मुक्काम

या वाटेसाठी आम्ही मार्गशीर्ष वद्य तृतीया धरली. हिशेब किनाऱ्यावरचा कुठलाही मच्छीमार तोंडी सांगेल: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे सकाळची पूर्ण ओहोटी सव्वाआठच्या आसपास. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतोच. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्यामुळे उधाणाचा जोर टिकून असतो, पाणी लांबवर आत जातं आणि गुहागरची सहाएक किलोमीटरची पुळण ओली, घट्ट, अंगणासारखी मिळते. भरतीत हाच पल्ला वरच्या कोरड्या वाळूतून तुडवावा लागतो. पाठीवर दहा-बारा किलो असेल तर असगोली येईपर्यंत पोटऱ्या भरून येतात.

सात वाजता चालायला लागलो. पुळणीवर अनवाणी, पण बूट पिशवीत तळाशी न घालता बाहेर लटकवलेले, कारण असगोलीनंतर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, लागतो आणि जांभ्यावर अनवाणी पाय दहा मिनिटं टिकत नाहीत. बूट घालण्याआधी बोटांच्या बेचक्यांतली वाळू नीट पुसायची. ती राहिली की दुपारपर्यंत फोड आलाच.

पालशेतच्या बाजारात पाणी भरून घेतलं. माणशी पाच लिटर: संध्याकाळ ते सकाळ पिण्याला अडीच, स्वयंपाक आणि चहाला दीड, उरलेलं हात-तोंड धुवायला आणि राखीव. पावसाळ्यात जिथे वहाळ फुटतात त्या सड्यावर या दिवसांत चूळ भरण्यापुरतंही पाणी नसतं. मुक्कामाची परवानगीही गावातच काढायची. सडा उजाड दिसला तरी त्याला मालक असतो, आणि कलमांना मोहोर येऊ लागलेला असताना राखणदार रात्री फिरतात. आधी सांगितलेलं बरं.

तंबू कड्याच्या टोकाशी लावून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. टाळावा. वरचा जांभा टणक असला तरी त्याच्याखाली मऊ मातीचा थर असतो. तो झिजत जातो आणि वरचे दगड एक दिवस खाली बसतात. आम्ही कडेपासून तीस-चाळीस पावलं आत आलो.

जांभ्यात खुंटी शिरत नाही. ठोकत बसलात तर ती वाकते. प्रत्येक कोपऱ्याला हातभर दोरी आणि डोक्याएवढा दगड, त्याच्यावर दुसरा तसाच. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर खडबडीत कडेवर घासून रात्रीत तुटते, म्हणून एका काटकीला मधोमध बांधून काटकी दगडाच्या पलीकडे आडवी टाकायची. दगड उचलताना पलीकडची कड वर करून आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली कोणी असेल तर त्याचं तोंड समोरच्या दिशेला राहतं. हा फुरशांचा, म्हणजे छोट्या विषारी सापांचा, मुलूख आहे. बूट रात्री तंबूत आणि बाहेर पडताना विजेरी पायाशी. दंश झालाच तर आवळपट्टी नको, कापाकापी नको. पाय हलवू न देता सरकारी रुग्णालय गाठायचं. लस कुठे आहे ते निघण्याआधी फोन करून विचारलेलं असावं.

तंबूचं दार कुठे करायचं यावर दरवेळी वाद होतो. संध्याकाळी खारा वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा सगळे दार पूर्वेला करून आडोसा शोधतात. मध्यरात्रीनंतर वारं फिरतं, जमिनीवरचा मतलई सुटतो आणि तोच आडोसा बरोबर उलटा पडतो. आमचा तोडगा म्हणजे दार दक्षिणेला आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सारख्या ताणलेल्या.

चूल पेटवली नाही. नोव्हेंबरनंतर सड्यावरचं गवत काडीसारखं सुकतं, एका ठिणगीत अख्खा सडा जातो. उघड्या कातळावर, भोवतालचं गवत वावभर काढून, २३० ग्रॅमच्या डबीचा गॅस. वाऱ्याला पत्र्याचा आडोसा तीन बाजूंनीच लावायचा. चारही बाजू बंद केल्या तर डबी तापते आणि ते जिवावर बेततं. चौघांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, अर्धा तास आधी भिजवलेली. भिजवल्याने गॅस वाचतो आणि खिचडी तळाला धरत नाही. भिजवलेलं पाणी ओतायचं नाही, त्यातच शिजवायचं. चंद्र आठ-सव्वाआठला वर आला, तोवर भांडी पुसूनही झाली होती.

थंडी म्हणावी अशी नव्हती. कोकणात गारठतं ते ओलाव्याने. पहाटे तंबूच्या आतून थेंब गळत होते, कारण चौघांचा श्वास आत कोंडलेला आणि बाहेरून दंव. वरची झडप दोन्ही बाजूंनी चार बोटं उघडी ठेवली तर निम्मं काम होतं. दोघे झोपेत ती बंद करतात हा भाग वेगळा. चालतानाचे घामट कपडे अंथरुणात घेऊ नयेत, खारट कापड हवेतला ओलावा ओढत राहतं. तंबू ऊन लागल्यावर उलटा करून वाळवला, तोवर साडेआठ. घरी आल्यावर त्याच्या चेनी गोड्या पाण्याने धुवायच्या, नाहीतर पुढच्या खेपेला दाते धरत नाहीत.

अडूरनंतरचा डांबरी रस्ता पायी करण्यात काही अर्थ नाही. तो गाडीने कापला आणि वेळणेश्वरची पुळण ओहोटी संपायच्या आत उरकली. हेदवीला मात्र भरतीतच पोचायला हवं. चतुर्थी, चार गुणिले पाऊण, तीन वाजता. उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद चीर. भरतीची लाट आत कोंडली की वर उसळते. डिसेंबरात समुद्र शांत, त्यामुळे बऱ्याच लाटा नुसत्या घशात गुरगुरतात आणि एखादीच वर येते. ती बघायला घळीच्या ओठावर जायचं नाही, शेवाळ्यावरून पाय सुटला तर धरायला काही नाही. कोरड्या कातळावर लांब बसायचं.

यंदा चंद्रोदयाच्या हिशेबाने संकष्टीही त्याच दिवशी पडली. दशभुजा गणेशाला गर्दी, प्रसादाच्या दुकानांपुढे रांगा. पण गुहागरकडे परतणारी वाहनं मुबलक. चार पिशव्या टपावर चढल्या आणि पाचच्या आत आम्ही पुन्हा गुहागरात.