जुन्या मिक्सरचा प्रीॲम्प: आधी कपॅसिटर, मग कान

यामाहा पीएम-४३०, साउंडक्राफ्ट २००बी आणि मॅकी सीआर-१६०४. सेकंडहँड बाजारात अजून आवाक्यात असलेले हे मिक्सर. माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा त्यांचा पहिला भाग म्हणजे प्रीॲम्प; तिन्हींचे प्रीॲम्प ताडून पाहायचे आहेत. पहिला सत्तरच्या दशकातला, माइक इनपुटला ट्रान्सफॉर्मर असलेला. दुसरा ऐंशीच्या दशकातला, तिसरा १९९१ चा. या दोघांत ट्रान्सफॉर्मर नाही. पुढे ट्रान्झिस्टर आणि मागे ऑपॲम्प (सिग्नल मोठा करणारा आयसी).

तुलना करायची तर आधी तिन्ही धडधाकट हवेत. जुन्या मिक्सरचं ‘कॅरेक्टर’ म्हणून जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं असतं. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या प्रीॲम्पमध्ये गेन पॉटच्या (सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणाऱ्या फिरत्या रेझिस्टरच्या) सिरीजला एक मोठा कपॅसिटर असतो. समजा तो ४७० मायक्रोफॅरडचा आहे आणि गेन पूर्ण उघडल्यावर वाटेत २२ ओहम उरतात. मग बेस साधारण १५ हर्ट्‌झच्या खाली उतरायला लागतो. तोच कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडवर आला की ही सीमा ७२ हर्ट्‌झवर चढते. डग्ग्याचा घुमारा गेला! गंमत अशी की गेन कमी केला की तो परत येतो, कारण पॉटचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणून ‘हा प्रीॲम्प पातळ वाजतो’ म्हणण्याआधी एकच आवाज कमी आणि जास्त गेनवर ऐका. बेस फक्त जास्त गेनवर जात असेल तर दोष डिझाइनचा नाही, काही रुपयांच्या पार्टचा आहे.

फँटम (माइकला केबलमधून मिळणारा ४८ व्होल्टचा डीसी) अडवणारे कपॅसिटर गळायला लागले की माइक जोडून फँटम चालू केल्यावर खरखर येते. तिथे ६३ व्होल्टचेच लावा. ५० व्होल्टचा ४८ व्होल्टवर फार काठावर राहतो. हममध्ये (सततच्या गुणगुणीत) १०० हर्ट्‌झ असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर तपासा, निव्वळ ५० हर्ट्‌झ असेल तर अर्थिंग आणि केबल.

आता लेव्हल. अर्धा डेसिबल मोठा वाजणारा प्रीॲम्प नेहमी ‘चांगला’ वाटतो. १ किलोहर्ट्‌झचा टोन डीआय बॉक्समधून (लाइन सिग्नल माइकच्या लेव्हलवर आणणाऱ्या डब्यातून) माइक इनपुटला द्या आणि तिन्हींचं आउटपुट ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. मग त्याच वाटेने एकच रेकॉर्ड केलेला टेक तिन्हींतून पाठवा. सिग्नल इन्सर्टमधून (प्रीॲम्पनंतर सिग्नल बाहेर काढायच्या सॉकेटमधून) घ्या, नाहीतर ईक्यू आणि मास्टर सेक्शनचा रंग प्रीॲम्पच्या नावावर खपतो. टीआरएस (टिप, रिंग, स्लीव्ह अशा तीन संपर्कांचा) इन्सर्ट असेल तर टिप आणि रिंग जोडलेला प्लग करून ठेवा; चॅनेल तुटत नाही आणि सिग्नलही मिळतो.

नॉइजसाठी एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, गेन ६० डेसिबलवर न्या. नुसत्या त्या रेझिस्टरचा नॉइज इनपुटपाशी सुमारे −१३१ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल) असतो, त्याखाली साधा प्रीॲम्प जाऊ शकत नाही. मॅकी त्याच्या खूप जवळ पोचतो, आणि डायनॅमिक माइकवर हळू गाणाऱ्या गळ्यासाठी माझी पसंती त्यालाच.

मध्यम गेनवर, क्लिपपासून दूर, साउंडक्राफ्ट आणि मॅकी डोळे मिटून ओळखणं अवघड आहे. यामाहा ओळखू येतो तो जोरात वाजवल्यावर. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवरचा ताण फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की दुप्पट होतो, म्हणून ४० हर्ट्‌झला तो ८० च्या कितीतरी आधी सॅच्युरेट होतो. ढोलकीच्या धुमाला यामुळे जी जाडी येते ती ईक्यूने येत नाही. पॅड (इनपुट सिग्नल कमी करणारा स्विच) आधी लावला तर मात्र ती जाते.

ऑपॲम्प बदलायचा मोह सगळ्यांनाच होतो. टीएल०७२ या ऑपॲम्पचा नॉइज १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, एनई५५३२ चा ५. पण पहिल्या स्टेजचा नॉइज ट्रान्झिस्टर ठरवतात, त्यामुळे मागचा आयसी बदलून फारसं हाती लागत नाही. उलट ५५३२ चा बायस करंट (इनपुटमधून वाहणारा बारीक डीसी) कितीतरी जास्त असल्याने पॉटवर डीसी येतो आणि फिरवताना खरखर होते. शिवाय तो करंटही जास्त ओढतो. ३० आयसी बदलले तर रेग्युलेटर तापतो.

आणि यामाहाच्या इनपुट ट्रान्सफॉर्मरला मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तपासू नका. मीटरच्या डीसीने कोअर मॅग्नेटाइज होतो.