आमची वाटचाल : पीपीटीत आवाज भरण्यापासून पुढे

ऑफिस कर्वेनगरला आहे हे पटकन सांगता येतं. काम काय करता हे सांगायला जरा वेळ लागतो. ‘म्हणजे ॲनिमेशन ना?’ हा ठरलेला पुढचा प्रश्न. ॲनिमेशन आमच्याकडे होतं, पण सगळ्यात शेवटी. आम्ही ऑनलाइन कोर्स लिहितो. प्रेस शॉपमधल्या (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातल्या) सेफ्टीचे, बँकेतल्या केवायसीचे, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या थर्मोडायनॅमिक्सचे. पडद्यावर काय दिसेल, कानावर काय पडेल आणि शिकणाऱ्याला कुठं थांबवून काय विचारायचं, हे ठरवण्याचे आम्ही पैसे घेतो.

२०१२ साली दोघांनी मिळून सुरू केलं. मी त्याआधी एका सॉफ्टवेअर कंपनीत युजर मॅन्युअल लिहीत होते, भागीदार आयटीआयमध्ये शिकवत होता. पुण्यात या धंद्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. एकीकडे हिंजवडीच्या आयटी कंपन्या, दुसरीकडे भोसरी-चाकणचे कारखाने आणि मधे कॉलेजंच कॉलेजं. तेव्हाचं काम साचेबंद होतं. क्लायंट पीपीटी पाठवणार, आपण त्यात व्हॉइसओव्हर भरायचा, नेक्स्टचं बटण लावायचं, शेवटी दहा प्रश्न आणि ऐंशी टक्क्यांना पास. स्कॉर्म (ऑनलाइन कोर्सच्या फाइलचा ठरलेला साचा) पॅकेज करून एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या आणि कोण किती शिकलं याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढवलं की बिल पाठवायचं. रेट स्क्रीनवर असायचा, त्यामुळे एका वाक्याच्या तीन स्क्रीन करायला कुणाचीच हरकत नसे. त्या कामावर आमच्या घरांचे हप्ते गेले, त्याला नावं ठेवणार नाही. पण एलएमएसचा रिपोर्ट काढला की दिसायचं, अर्ध्या तासाचा कोर्स लोक पाच-सात मिनिटांत नेक्स्ट-नेक्स्ट करत संपवताहेत. आणि पास होताहेत! कारण दहापैकी नऊ प्रश्नांचं उत्तर ‘वरीलपैकी सर्व’ असायचं.

मग क्लायंटचा शेरा यायचा, ‘थोडं एंगेजिंग करा.’ म्हणजे हलणारी चित्रं घाला, बरोबर उत्तराला टाळ्या वाजवा, शेवटी बॅज द्या. तेही करून दिलं. रिपोर्टमधली मिनिटं काही वाढली नाहीत.

काम बदललं ते चाकणच्या एका प्रेस शॉपच्या कोर्समुळे. सेफ्टी ऑफिसरनं नियमांची भलीमोठी यादी पाठवली होती. आम्ही ती बाजूला ठेवली आणि तिथल्या जुन्या डाय सेटरला, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवणाऱ्या कारागिराला, भेटायला गेलो. भागीदारानं त्यांना एकच विचारलं, ‘काका, नवीन पोरगं नेमकं कुठं फसतं?’ काका म्हणाले, ‘नियम मोडणारा फसतोच, त्याचं सोडा. नियम पाळतोय असं ज्याला वाटतं ना, तो फसतो.’ मग त्यांनी फ्लायव्हीलचं, म्हणजे प्रेसच्या जड चाकाचं, सांगितलं. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. नव्या मुलाला वाटतं, बटण दाबलं, मशीन बंद झालं. आणि तो हात आत घालतो.

त्यावरून पहिली स्क्रीन लिहिली ती अशी : शिफ्ट सुटायला वीस मिनिटं आहेत. शीट डायमध्ये अडकलंय, लाइट कर्टन (हात मधे आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) सारखा ट्रिप होतोय. सुपरवायझर लांबूनच ओरडतो, ‘अरे, बायपास कर आणि एवढा लॉट काढून टाक.’ तू काय करशील? एक, बायपास करून लॉट काढीन. दोन, मोटर बंद करून शीट हातानं सोडवीन. तीन, मोटर बंद करून फ्लायव्हील पूर्ण थांबू देईन, लॉक-टॅग (कुणी मशीन चालू करू नये म्हणून कुलूप आणि पाटी) लावीन आणि मेन्टेनन्सला बोलवीन.

पहिला पर्याय फारसं कुणी घेत नाही. घोटाळा होतो दुसऱ्यावर, कारण तो शहाणपणाचा वाटतो. तो निवडला की ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असं आम्ही म्हणत नाही. मोटरचा आवाज थांबतो, फ्लायव्हील फिरताना दिसतं आणि खाली एक ओळ येते : ‘मोटर बंद आहे. प्रेस अजून बंद नाही.’ त्यानंतर लॉकआउटची माहिती. आधी फसणं, मग माहिती, हा क्रम सेफ्टी ऑफिसरना पटवताना घाम फुटला. नियमावली पहिल्या पानावर नसली तर ऑडिटला काय दाखवायचं, हा त्यांचा सवाल रास्त होता. आम्ही ती वेगळ्या पीडीएफमध्ये दिली.

तेव्हापासून आमच्याकडे स्टोरीबोर्डची (कोर्सच्या स्क्रीनवार आराखड्याची) सुरुवात प्रश्नांनी होते. चुकीचे पर्याय आधी लिहायचे, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे तो निवडणारा खरा माणूस डोळ्यांसमोर पाहिजे. तो सापडत नसेल तर पर्याय काढून टाकायचा. याला संशोधनाचा आधार आहे हे नंतर वाचनात आलं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानं मात्र ज्यांनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. क्लायंटसमोर हे सांगितलं की मीटिंगमध्ये जरा वजन पडतं.

संशोधन सगळीकडे जसंच्या तसं चालत नाही, हेही सांगायला हवं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांवरून या धंद्यात एक नियम रूढ आहे : आवाजात जे बोलतोय तेच शब्दशः पडद्यावर छापू नये, डोळे आणि कान एकमेकांच्या आड येतात. ऑफिसातल्या कोर्सला आम्ही तो पाळतो. शॉप फ्लोअरवर कंप्रेसरच्या आवाजात, हेडफोनशिवाय, सहा जण एका टॅबवर वाकून कोर्स बघतात. तिथं अक्षरं लागतातच, आणि मोठी लागतात.

तांत्रिक कटकटींबद्दल लिहिलं तर लेख संपायचा नाही. एकच सांगते. २००१ सालचं स्कॉर्म १.२ आजही क्लायंट मागतात आणि त्यात शिकणारा कुठवर पोचला हे साठवायला जागा असते ४०९६ अक्षरांची. कोर्स लांबला की ती भरते आणि माणूस परत पहिल्या स्क्रीनवर. आमचे कोर्स आटोपशीर असण्यामागं थोडं श्रेय या अडचणीलाही आहे.

२०२० मध्ये दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. जुने कोर्स ज्यावर चालत त्या ॲडोबी फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबरला संपणार होता, त्यामुळे ते बदलून घ्यायला रांग लागली. आणि लॉकडाउनमुळे कॉलेजं ऑनलाइन आली. पुढं मे २०२१ मध्ये यूजीसीनं ब्लेंडेड पद्धतीचा मसुदा काढला, चाळीस टक्क्यांपर्यंत ऑनलाइन शिकवायला मुभा देणारा. प्राध्यापक आमच्याकडे पन्नास-पन्नास मिनिटांची रेकॉर्डिंग घेऊन यायचे, ‘याचे तुकडे करून द्या’ म्हणत. तुकडे करायला हरकत नव्हती. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत असं दिसलं होतं. पण पन्नास मिनिटांचे आठ तुकडे केले तरी ते व्याख्यानच राहतं. घरी काय बघायचं आणि वर्गात काय करायचं, हे वेगळं लिहावं लागतं.

थर्मोडायनॅमिक्सच्या एका सरांबरोबर हे जमून आलं. आदल्या रात्री विद्यार्थ्यांना छोटा व्हिडिओ आणि एक प्रश्न : बंद खोलीत फ्रिज चालू करून त्याचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल, गरम होईल की तशीच राहील? व्हिडिओत उत्तर नाही. मुलांनी अंदाज करायचा आणि कारण एका वाक्यात लिहायचं. सकाळी कोणी काय म्हटलं ते सरांना मोबाइलवर दिसतं. वर्गात आल्यावर सर ‘गार’वाल्यांना एका बाजूला आणि ‘गरम’वाल्यांना दुसऱ्या बाजूला बसवतात आणि भांडू देतात. कॉम्प्रेसरला लागणारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते, म्हणून खोली गरम होणार, हे कुणीतरी बाकावरूनच बोलतं. सर म्हणाले, ‘पहिला नियम मी फळ्यावर लिहायच्या आधी पोरांनीच सांगितला.’ ऑनलाइन भाग इतका छोटा की बिल बघून कॉलेजच्या अकाउंट्सला वाटलं, एवढ्याशा व्हिडिओचे एवढे?

पैशांचं निघालंच आहे तर, एका मोठ्या कंपनीनं आमचं बिल वर्षभर अडवून ठेवलं होतं, ‘फायनल रिव्ह्यू बाकी आहे’ म्हणत. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण त्याच क्लायंटकडून पुढचं काम हवं असताना कायदा दाखवायचा कसा? आता तीन हप्ते घेतो : स्क्रिप्ट मंजूर झाली की एक, अल्फाला (पहिल्या कच्च्या आवृत्तीला) दुसरा, गोल्डला (अंतिम आवृत्तीला) तिसरा.

हल्ली क्लायंट एआयकडून लिहून घेतलेली स्क्रिप्टच पाठवतात. भाषा स्वच्छ असते. प्रश्न बघितले की कळतं : चुकीचे पर्याय इतके उघड चुकीचे, की न शिकलेलाही पास होईल. कच्च्या मसुद्याला आम्हीही एआय वापरतो. पण फ्लायव्हीलची गोष्ट काकांकडूनच मिळते, आणि काका चाकणला असतात.

म्हणून आमच्या कोटेशनमध्ये पहिली ओळ ‘जागेवर भेट, दोन दिवस’ अशी असते. घासाघीस सुरू झाली की परचेसवाले आधी तीच खोडतात. ॲनिमेशन कमी करा, व्हॉइसओव्हर मशीनचा घ्या, त्याला आमची ना नाही. ती ओळ खोडली तर मात्र काम घेत नाही. गेल्या वर्षी अशी काही कामं हातची गेली. त्यातलं एक काम, दुसरीकडे कोर्स तयार झाल्यावर, ‘थोडं एंगेजिंग करून द्या’ म्हणून परत आलं. त्याच्या कोटेशनची पहिली ओळ तीच आहे, दिवस तीन केलेत.